‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणण्याआधी: खूप प्यायलेल्या माणसाला रात्रभर कसं सांभाळायचं

हे तुम्ही रात्री एक-दोन वाजता वाचत असाल आणि शेजारी कुणी पिऊन पडलेलं असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. आधी त्याच्या खांद्यावर जोरात थापटा आणि नाव घेऊन हाक मारा. डोळे उघडले नाहीत, किंवा श्वास थांबून थांबून येतोय असं वाटलं, तर 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि त्याला डाव्या कुशीवर वळवा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी नाशिकमध्ये कॅज्युअल्टीला नर्स आहे. नाइट ड्युटीत बरीच वर्षं गेली, अजूनही लागते. 31 डिसेंबर, रंगपंचमी, विसर्जन, लग्नसराई आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे पगार होतात तो आठवडा, या दिवसांत आम्ही स्ट्रेचर आधीच दारापाशी लावून ठेवतो. खूप प्यायलेली माणसं येणार हे ठरलेलं असतं. येतात त्याचं वाईट वाटत नाही, उशिरा येतात त्याचं वाटतं. उशीर का झाला म्हणून विचारलं की मित्र खाली बघत सांगतात, “सिस्टर, झोपला होता हो. म्हटलं झोपू दे, सकाळी उतरेल.”

ही पोरं निष्काळजी नसतात. मित्राला रिक्षातून आणतात, स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या अंगावर घालतात, रात्रभर बाहेरच्या बाकड्यावर बसून राहतात. पण नेमकं काय बघायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. शाळेत नाही, घरात तर नाहीच, कारण घरात हा विषयच काढायची सोय नसते. म्हणून लिहितेय. पिऊ नका हे सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते बरोबरच सांगतात. पण आज रात्री कुणीतरी प्यायलाच असेल, तर तो उद्या सकाळी उठला पाहिजे, एवढंच इथे बघायचंय.

किती म्हणजे जास्त

रक्तातली दारू मोजतात ती 100 मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम, अशी. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याने मर्यादा आहे 30. दीडशेच्या आसपास माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते. दोनशेच्या पुढे उलट्या, गोंधळ, कुठे आहोत याचं भान नाही. तीनशेच्या पुढे बेशुद्धी. चारशेच्या पुढे मेंदूतला श्वास चालवणारा भागच मंदावतो आणि श्वास बंद पडू शकतो. हे आकडे ढोबळ आहेत. सवय नसलेला कोवळा मुलगा अडीचशेलाच बेशुद्ध पडलेला मी पाहिलाय, आणि रोज पिणारा माणूस तीनशेच्या वर असूनही चालत येऊन स्वतःचं नाव-गाव सांगतो. त्याला सवय झालीय म्हणून तो सुरक्षित आहे असं मात्र समजू नका.

आता हे आपल्या भाषेत. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. साठ किलोच्या मुलाने ती रिकाम्या पोटी भराभर संपवली, तर रक्तातलं प्रमाण दीडशेच्या आसपास जातं. पन्नास किलोच्या मुलीने तेवढीच घेतली तर दोनशेच्या वर, कारण वजन कमी आणि बाईच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी. आणि त्याच साठ किलोच्या मुलाने पैज लावून तासाभरात हाफ (375 मिली) रिचवली, तर तो तीनशेपर्यंत पोचतो. आयुष्यात दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा पिणारा पोरगा आणि पैज, या जोडीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

बिअरला लोक हलकं समजतात. 650 मिलीची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल, तर एका बाटलीत 40 ग्रॅम जातात. दीड बाटली म्हणजे एक क्वार्टर झाली. आपल्या नाशिकला वाइनचं कौतुक आहे आणि ते असायलाही हवं, इथल्या द्राक्षावर किती घरं उभी राहिली. पण वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, कितीही घेतली तरी काय होतंय, असं म्हणत गंगापूर धरणाच्या बाजूला दिवसभर फिरून संध्याकाळी आमच्याकडे पोचणारे पाहुणे असतात. 750 मिलीच्या बाटलीत 75 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त.

यकृत हे सगळं एका ठरावीक गतीने काढतं: 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. ती गती कॉफीने वाढत नाही, लिंबूपाण्याने वाढत नाही, आंघोळीने वाढत नाही. दीडशेवर असलेल्या माणसाला 30 पर्यंत खाली यायला आठ तास लागतात. तीनशेवाल्याला पूर्ण रिकामं व्हायला वीस तास. मध्यरात्री बारापर्यंत पिऊन सकाळी सातला अंबडच्या फर्स्ट शिफ्टला बाइकवर निघालेला माणूस स्वतःला ठणठणीत समजत असतो, आणि कायद्याने तो अजून प्यायलेलाच असतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शेवटचा ग्लास खाली ठेवला म्हणजे रक्तातलं प्रमाण लगेच उतरायला लागत नाही. पोटात जे आहे ते पुढचा अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ रक्तात उतरत राहतं. घाईघाईने शेवटचे दोन-तीन पेग मारून जो आडवा झाला, त्याची खरी वाईट वेळ तो आडवा झाल्यानंतर येते. सगळ्यांना वाटतं, प्यायचं संपलं, आता उतारच. आणि नेमके त्याच वेळी बाकीचे आपापल्या गाद्यांवर जाऊन झोपलेले असतात.

झोप की बेशुद्धी

झोपलेल्या माणसाला हलवलं तर तो कुरकुरतो, हात झटकतो, शिवी देतो, कूस बदलतो. शिवी दिली तर मला हायसं वाटतं.

आधी मोठ्याने हाक. मग खांद्यावर थाप. तरी काही नाही, तर मान आणि खांद्याच्या मधला स्नायू अंगठा आणि दोन बोटांत धरून जोरात चिमटा काढा. यावर तो डोळे उघडून काहीतरी अर्थाचं बोलला, तर ठीक, पण एकटं सोडू नका. नुसता कण्हला आणि पुन्हा ढेपाळला, तर हॉस्पिटल. काहीच केलं नाही, तर ती बेशुद्धी आहे आणि 108 लावायला पाच मिनिटंही थांबू नका.

घोरण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. “मस्त घोरतोय, गाढ झोपलाय,” असं सांगत आणलेला मुलगा आम्ही कितीदा बघतो. बेशुद्धीत जीभ सैल पडून मागे जाते आणि घशाची वाट अर्धी बंद करते. त्या अर्ध्या वाटेतून हवा ओढली जाते तेव्हा जाड, खोल घोरण्याचा आवाज येतो. त्यात गुरगुर किंवा बुडबुड मिसळली असेल, तर घशात थुंकी किंवा उलटी साठलीय. आवाज मोठा म्हणजे श्वास चांगला, असं नाही. हनुवटी हलकेच वर उचलून डोकं थोडं मागे केलं की तो आवाज बऱ्याचदा लगेच कमी होतो. कमी झाला, तर समजा की वाट अडली होती, आणि हा माणूस तुम्ही घरी सांभाळायचा नाही.

मग श्वास मोजा. त्याच्या पोटावर, बरगड्या संपतात तिथे, हात सपाट ठेवा. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि हात किती वेळा वर येतो ते मोजा. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण दारूतला श्वास एकसारखा नसतो. चार-पाच पटापट येतात आणि मग मोठा खंड पडतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास असतात. आठपेक्षा कमी भरले, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड पडला, तर 108.

हात लावलाच आहे तर कपाळ आणि तळहात कसे लागतात तेही बघा. थंड, चिकट, घामेजलेले असतील तर वाईट. रंग बघायचा तो ओठांचा आणि नखांचा. सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन कळत नाही, म्हणून खालचा ओठ जरा खाली ओढून आतून बघा, मोबाइलचा टॉर्च मारून. आतला भाग गुलाबी हवा. राखाडी किंवा जांभळट दिसला तर वेळ नाही.

आणि श्वास अजिबात नसेल, किंवा मासोळीसारखं तोंड उघडून अधूनमधून एखादा आचका येत असेल, तर तो आचका श्वासात धरू नका. पाठीवर झोपवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवा आणि पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाबत राहा, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. दमलात तर दुसऱ्याने घ्या, पण मधे थांबू नका.

डाव्या कुशीवर कसं वळवायचं

जास्त प्यायलेली माणसं बऱ्याचदा दारूने थेट मरत नाहीत, पाठीवर झोपलेली असताना झालेल्या उलटीने मरतात. शुद्धीत असताना घशात काही गेलं की आपण खोकून बाहेर काढतो. खूप दारूत ती खोकण्याची, ठसका लागण्याची सवयच बंद पडते. उलटी सरळ फुप्फुसात जाते. आवाजही होत नाही, शेजारी झोपलेल्याला कळतही नाही.

म्हणून श्वास चालू आहे पण माणूस शुद्धीत नाही, तर अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवायचं. त्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसा. खिशातला मोबाइल, किल्ल्या काढा, चष्मा काढा. त्याचा डावा हात खांद्यापासून बाहेर, काटकोनात पसरा. उजवा हात छातीवरून ओढून आणा आणि त्याचा मळहात (हाताची मागची बाजू) त्याच्याच डाव्या गालाखाली येईल असा धरून ठेवा. दुसऱ्या हाताने त्याचा उजवा गुडघा वर उभा करा, पाऊल जमिनीवर टेकलेलं राहू द्या. आता तो गुडघा तुमच्याकडे ओढा. सगळं अंग आपोआप तुमच्याकडे वळतं. ऐंशी किलोचा माणूसही मी एकटी वळवते, जोर लागत नाही. वरचा गुडघा पुढे टेकवा म्हणजे तो पालथा पडणार नाही. डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे कललेलं, म्हणजे जे येईल ते बाहेर सांडेल. पाठीमागे उशी, बॅग, गुंडाळलेली गोधडी, जे असेल ते घट्ट लावा, नाहीतर थोड्या वेळात तो परत पाठीवर येतो.

हे आजच, कुणीही न प्यायलेलं असताना, घरातल्या घरात एकमेकांवर करून बघा. एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

पडून डोक्याला किंवा मानेला लागलंय अशी शंका असेल तर दोघांनी मिळून, डोकं आणि खांदे एका रेषेत ठेवून वळवा. उलटी चालू असेल तर तरीही वळवाच.

जागा राहणारा एक जण ठरवा, आणि तो न प्यायलेला हवा. दर दहा मिनिटांनी हाक, श्वास, ओठांचा रंग. सगळेच प्यायले असाल तर कुणाच्या तरी न पिणाऱ्या भावाला, वहिनीला, मालकाला, वॉचमनला उठवा. बोलणी खावी लागतील. खा.

हे करू नका

लिंबूपाणी, ताक, दही, चिंचेचं पाणी, कडक कॉफी: जो माणूस स्वतः उठून बसून स्वतःच्या हाताने ग्लास धरू शकत नाही, त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. ते घशातून पोटात जाईल याची खात्री नाही.

मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. दारू पोटातून फार लवकर रक्तात जाते, तोवर उलटीने हाती फारसं लागत नाही, आणि उलटी फुप्फुसात जायचा धोका मात्र तुम्ही स्वतः ओढवून घेता. भरपूर मीठ पोटात गेलं तर त्याने वेगळंच संकट उभं राहतं.

बाथरूममध्ये नेऊन डोक्यावर बादल्या ओतणं हा आपल्याकडचा हमखास उपाय. माणूस दचकून दोन मिनिटं डोळे उघडतो आणि सगळे म्हणतात उतरली. काहीही उतरलेलं नसतं. ओल्या फरशीवर घसरून डोकं फुटतं, आणि अंग आणखी गार पडतं. दोघांनी बगलेत धरून अंगणात फेऱ्या मारायला लावणंही तसंच.

झोप लागावी म्हणून किंवा डोकं दुखतंय म्हणून गोळी देऊ नका. दारू आणि झोपेची गोळी, दारू आणि ट्रॅमाडॉल (दुखण्यावरची जोरदार गोळी), दारू आणि कोडीनचं खोकल्याचं औषध, हे एकत्र आले की दोन्ही मिळून श्वास दाबतात. तीन पेग एरवी पचवणारा माणूस त्यात जाऊ शकतो. त्याने आधी काही गोळ्या घेतल्या होत्या का, हे नक्की शोधा. खिसे, बॅग, उशाखालची जागा बघा.

दारूच्या वासामागे काय लपतं

तोंडाला वास आला की सगळे एकच निदान करून मोकळे होतात. मला आजही आठवतो तो निफाडकडचा मध्यम वयाचा शेतमजूर. छाटणीचं काम संपल्यावर थोडी घेतली होती, आणि दुपारपासून पोटात काहीच नव्हतं. घरचे सांगत होते, एवढ्याशा दारूने हा कधी असा पडत नाही. त्यांचं बरोबर होतं. बोटाला सुई टोचून साखर बघितली तर 38. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्याच वेळात तो डोळे उघडून बायकोला विचारायला लागला, मला इथे कशाला आणलं.

उपाशीपोटी शरीर जी साखर यकृतात तयार करतं, ती दारू अडवते. त्यामुळे न जेवता प्यायलेला, अशक्त, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारा, यांची साखर गुपचूप खाली घसरते. घरात ग्लुकोमीटर असेल तर लगेच बघा. 70 च्या खाली असेल आणि माणूस नीट जागा असेल, तर साखरपाणी द्या. जागा नसेल तर तोंडाने काही नाही, हॉस्पिटल.

लहान मुलांत हे आणखी पटकन होतं. रात्री पार्टी झाली, ग्लासात तळाला राहिलं, सकाळी मोठी माणसं झोपलेली आणि तीन वर्षांचं पोर ते पिऊन टाकतं. सॅनिटायझर, परफ्युम यांतही अल्कोहोल असतं. मूल पेंगुळलं, अडखळायला लागलं, तर किती प्यायलं याचा हिशेब करत बसू नका, उचला आणि निघा. आणि रात्री झोपण्याआधी ग्लास विसळून ठेवा, कितीही कंटाळा आला तरी.

दुसरं, डोकं. पिऊन बाइकवरून पडला, जिन्यावरून घसरला, मग उठून चालत घरी आला, बोलला आणि झोपला. डोक्याच्या आत रक्त साठत असेल तर तो काही तासांनी बेशुद्ध होतो आणि घरच्यांना वाटतं दारू चढलीय. डोळ्यांतली एक बाहुली मोठी आणि एक लहान, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी, एका बाजूचा हात-पाय लुळा, झटके, यातलं काहीही दिसलं, किंवा वेळ जाईल तसा माणूस सुधारण्याऐवजी बिघडत चालला, तर सीटी स्कॅन लागणार.

तिसरं, थंडी. दारू प्यायल्यावर अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. म्हणजे माणूस गार पडत असतो आणि त्याला वाटतं गरम होतंय. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो, धरणाकाठच्या मोकळ्या रानात तर रात्र आणखी बोचते. तिथे शेकोटी विझल्यावर सतरंजीवर एकट्याला सोडून येऊ नका. आत न्या, खाली काहीतरी जाड घाला, वरून पांघरूण. रंगपंचमीला रहाडीत (रंगीत पाण्याच्या मोठ्या हौदात) उड्या मारून दिवसभर ओल्या कपड्यांत फिरलेली आणि वर प्यायलेली पोरंही अशीच गार होऊन येतात. आधी ओले कपडे काढा.

न्यायचं कसं

108 चा फोन फुकट लागतो. फार्महाउसवर असाल तर पत्ता आधीच नीट माहीत करून घ्या. गिरणारे, दुगाव, त्र्यंबक रोडच्या आतल्या बाजूला गुगलचा ठिपका बऱ्याचदा बांधावर नेऊन सोडतो. जवळचं देऊळ, शाळा, पेट्रोल पंप सांगा आणि एकाला टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा.

अॅम्ब्युलन्सला फारच वेळ लागणार असेल आणि गाडी चालवणारा न प्यायलेला असेल, तर कारच्या मागच्या सीटवर कुशीवर झोपवून आणा, एकाने डोकं धरून बसायचं. बाइकवर दोघांच्या मधे दाबून बसवून कधीच आणू नका. बेशुद्ध माणसाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट तिथेच बंद होते. मागचा त्याला घट्ट धरून असतो, त्याला वाटतं आपण सांभाळतोय. दारात उतरवताना ओठ निळे दिसतात.

शहरात त्र्यंबक नाक्याजवळ जिल्हा रुग्णालय आहे, नाशिकरोडला बिटको, आडगावला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. पण अशा वेळी जे चोवीस तास उघडं आणि सगळ्यात जवळ, तिथे आधी जा.

आमच्याकडे आल्यावर खरं सांगा. “अॅसिडिटी झालीय, पाणीपुरी खाल्ली होती” असं सांगत मित्राला पुढे ढकलणारी मुलं असतात. दारूचा वास सगळ्या वॉर्डात भरलेला असतो आणि तरी. घरी कळेल, कॉलेजात कळेल, पोलीस येतील, ही भीती मला समजते. पण आमचं काम जीव वाचवायचं आहे. जीव धोक्यात असलेल्याला आधी उपचार द्यायचे, कागदपत्रं नंतर, हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय, सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना. काय घेतलं, किती, पहिला ग्लास कधी, शेवटचा कधी, सोबत कोणती गोळी, पडला होता का, साखर किंवा फिट्सचा त्रास आहे का, एवढं सांगा. बाटली आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत आणा.

दारूवर उतारा असं इंजेक्शन नसतं. ‘सलाइन लावलं की उतरते’ हाही गैरसमजच. सलाइनने अंगातलं पाणी भरून निघतं, दारू यकृतच काढतं. आम्ही श्वासाची वाट मोकळी ठेवतो, साखर सांभाळतो, ऑक्सिजन देतो, गरज पडली तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावतो आणि यकृताला वेळ मिळवून देतो. हा वेळ घरच्या गादीवर मिळवून देता येत नाही.

हातभट्टीची असेल तर

हे वेगळंच विष आहे. गावठीत किंवा बनावट बाटलीत मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) असेल, तर माणूस सुरुवातीला थोडासाच चढल्यासारखा दिसतो, झोपतो, उठतो. त्रास सुरू होतो बारा ते चोवीस तासांनी: पोटात जोरात दुखणं, उलट्या, धाप, आणि डोळ्यांसमोर धुकं आल्यासारखं दिसणं. यकृत मिथेनॉलचं फॉर्मिक अॅसिड बनवतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं अशीच गेली. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं की अंधुक दिसतंय, तर त्याला हँगओव्हर म्हणू नका, एक पेग घे बरं वाटेल असंही म्हणू नका. डायलिसिस असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, आणि त्याच अड्ड्यावरची प्यायलेल्या बाकीच्यांनाही शोधून आणा, त्यांना अजून काही होत नसलं तरी.

दुसरा दिवस

जो सकाळी नीट उठला, त्याला थोडं थोडं पाणी, मऊ भात, पेज. डोकं दुखत असेल तरी पॅरासिटॅमॉल शक्यतो टाळा, यकृत आधीच कामाला जुंपलेलं असतं. त्या दिवशी गाडी नको, मशिनवर काम नको. खोकला, ताप, धाप सुरू झाली तर उलटी फुप्फुसात गेली असू शकते. डॉक्टरला रात्रीचं सगळं सांगा.

आणि जो रोज पितो, त्याच्या घरच्यांसाठी. असा प्रसंग झाला की घरात शपथा घातल्या जातात, बाटल्या फोडल्या जातात, आजपासून एक थेंब नाही. भावना अगदी खरी असते. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, झटके येऊ शकतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, बडबड, ताप, ज्यात जीवही जातो. ती सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधांसह. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, किंवा व्यसनमुक्तीची 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. नवरा तयार नसेल तर बायकोने एकटीने केला तरी चालतो, त्याने पुढे काय करायचं ते तिला सांगतात.